वेगाने खेळून वेग वाढत नाही

नंदुरबार, शहादा, नवापूरची पोरे आता मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात. एका मिनिटाचा बुलेट, तीन मिनिटांचा ब्लिट्झ. त्यांच्याबद्दल दोन मते ठामपणे मांडली जातात. जुने खेळाडू म्हणतात, हे बुद्धिबळच नव्हे, बोटांची कसरत आहे. पोरे म्हणतात, भरपूर डाव खेळत राहा, वेग आपोआप येतो. मला दोन्ही मते अमान्य आहेत आणि दुसरे तर घातक वाटते.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमीत नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली, ती कशाच्या जोरावर? अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले होते. चषक ठरला तो जलद टायब्रेकरमध्ये, घड्याळाच्या दडपणाखाली. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत द्रोणवल्ली हरिकालाही तिने टायब्रेकरमध्येच हरवले होते. महिनाभर आधी लंडनच्या सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत तिने चीनच्या हौ यिफानला नमवले. १९७० साली हर्सेग नोवीच्या ब्लिट्झ स्पर्धेत बॉबी फिशरने २२ डावांत १९ गुण मिळवले, तेही ताल, पेट्रोसियन, कोर्चनॉय यांच्यासारखे खेळाडू समोर असताना. या डावांना बोटांची कसरत म्हणणे अन्यायाचे आहे.

पण यावरून ‘खेळत राहा, येईल’ हे सिद्ध होत नाही. जलद खेळणारा जलद विचार करतो, हा समजच मुळात चुकीचा आहे. तो विचार कमी करतो आणि ओळखतो जास्त. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना खऱ्या डावातील पट पाच सेकंद दाखवला आणि मोहरी पुन्हा मांडायला सांगितली. मास्टर नवख्यापेक्षा कितीतरी पुढे राहिला. मग मोहरी वाटेल तशी विखरून मांडली, तेव्हा त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती अफाट नव्हती; त्याच्या डोक्यात मोहऱ्यांच्या ओळखीच्या रचना साठलेल्या होत्या. घोड्याचा दुहेरी हल्ला, उंटाने अडकवलेला वजीर, शेवटच्या ओळीवरची मात या गोष्टी त्याला दिसतात, शोधाव्या लागत नाहीत. हा साठा सावकाश भरतो. एका मिनिटाच्या डावात तो भरायला वेळच नसतो. चाळीस चालींचा डाव धरला तर प्रत्येक चालीला दीड सेकंद येतो. पोरगा हरतो, बोट टेकवतो, नवा डाव सुरू होतो आणि तीच चूक पुन्हा होते. अशा शंभर डावांत चूक सुधारत नाही, मुरते.

यावर हिकारू नाकामुराचे उदाहरण हमखास येते. इंटरनेटवरच्या अतिजलद डावांत त्याच्या तोडीचे खेळाडू मोजकेच. पण तो २००३ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला तो पटावरच्या दीर्घ स्पर्धा खेळूनच. आणि २०२४ च्या टोरांटोतील कँडिडेट्स स्पर्धेत आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने त्याला दोनदा हरवले. अंतिम क्रमवारीत नाकामुरा विदितच्या वर राहिला, हेही खरे. पण दीर्घ डावात त्याच्या वेगाने त्याला सवलत दिली नाही.

मग करायचे काय? आधी बुलेट सोडा. तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीला दोन सेकंदांची भर, असा डाव निवडा. चाळीस चालींत ऐंशी सेकंद जास्त मिळतात आणि जिंकलेला डाव केवळ घड्याळामुळे हातचा जात नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. देशातले पहिले आधार कार्ड २०१० मध्ये शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले, तरी अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर नेटवर्क आजही बेभरवशाचे आहे. तिथे एका मिनिटाचा डाव हरलेल्या मुलाला आपण चुकलो की रेंज गेली, हे कळतही नाही. संकेतस्थळे उशिराची थोडी भरपाई देतात. तुटलेल्या जोडणीची देत नाहीत.

दुसरे, सोपी कोडी रोज सोडवा: एका चालीत मात, दोन चालींत मात. उत्तर क्षणात दिसेपर्यंत तीच तीच. काही अ‍ॅपमध्ये ती उतरवून घेऊन नेटवर्कशिवायही सोडवता येतात. राजा आणि प्याद्याचा अंत्यडाव, हत्तीने मात हे न अडखळता आले पाहिजे, कारण तिथे पोहोचाल तेव्हा हातात वीस सेकंद असतील. प्रत्येक पराभवानंतर संगणकाला विचारण्याआधी चूक स्वतः शोधा. लागोपाठ दोन डाव हरलात तर फोन ठेवून द्या. रागात खेळलेला तिसरा डाव काही शिकवत नाही.

आणि समोरासमोर खेळा. धडगावहून नाशिकच्या स्पर्धेला जायचे तर अख्खा दिवस प्रवासात जातो. पण आश्रमशाळेत एक पट आणि घड्याळ म्हणून शिक्षकांचा एक फोन पुरतो, त्याला नेटवर्क लागत नाही. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा संपल्या की त्याच दुपारी मुलांना असे चार-पाच जलद डाव खेळू द्या आणि हरलेला एक तरी डाव प्रत्येकाकडून आठवून वहीत लिहून घ्या.