शिष्याचा हिशेब

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत पीएच.डी. करणारा एखादा भाचा नाही तर भाची असतेच, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी तरी विचारतेच, "काय, कधी संपणार तुझे संशोधन? आणि पुढे काय?" पोर खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचीत राहते. माझा आक्षेप प्रश्नाला नाही. तो भलत्याच माणसाला विचारला जातो, याला आहे.

सरकारी अनुदानाच्या प्रकल्पांत मी उमेदवारी केली आहे. तिथे काचेच्या नळीचीही साठावहीत नोंद होई. वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जाई. पैन् पैचा हिशेब! पण त्याच पैशावर ज्याची ऐन पंचविशीतली पाच वर्षे खर्ची पडली, तो काय शिकला, पुढे कुठे जाणार, हे लिहायला आमच्या कागदांत एक ओळही नव्हती.

परदेशाचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. पण अमेरिकेत २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागणाऱ्याला, पीएच.डी.नंतरच्या संशोधकाला आपण मार्गदर्शन कसे करणार, हे अर्जातच लिहून देणे भाग पडले. २०२२ च्या कायद्याने त्यात विद्यार्थीही आले आणि मे २०२४ पासून अंमल सुरू झाला. मागितले काय, तर एक पान. आणि प्रत्येक उमेदवाराचा दरवर्षी तपासायचा विकास-आराखडा!

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी दर सत्राला सल्लागार समितीपुढे काम मांडायला सांगितले. पण समितीचे लक्ष प्रबंधाच्या प्रगतीवर. प्रबंध लिहिणाऱ्याच्या उद्याची चौकशी कोणी करायची? कनिष्ठ संशोधनवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, हे उत्तमच. पण शिधा मिळाला म्हणजे वाट सापडली असे नव्हे.

"गुरुशिष्याचे नाते का कागदावर मांडायचे?" असे ज्येष्ठ विचारतील. खऱ्या गुरूला कागद लागत नाही, हे मान्य. पण नियम त्याच्यासाठी नसतोच मुळी! आणि बाकीचे ते पान खोटेच भरतील म्हणता? भरू द्या. खोट्या पानावर निदान बोट ठेवता येते. जे लिहिलेच नाही, त्यावर विद्यार्थ्याने बोट ठेवायचे कुठे?

तेव्हा वाचकहो, यंदा भाच्याच्या ताटात एक करंजी जास्त वाढा, आणि "पुढे काय?" हा प्रश्न त्याच्या मार्गदर्शकासाठी राखून ठेवा. हिशेब द्यायचा आहे तो त्यांनी.