दुबळ्या चाकाची भागीदारी

भागीदारीत नफा कसा वाटावा, हे करारनाम्यात लिहिलेले असते. मोटारीच्या पोटातही अशीच एक भागीदारी चालू असते. मात्र तिचा करारनामा काहीसा विचित्र आहे. तेथे बलवान भागीदाराला दुबळ्या भागीदारापेक्षा अधिक भांडवल गुंतवण्याची मुभाच नसते. या व्यवस्थेस डिफरन्शियल म्हणतात. पावसाळ्यात वखारीच्या तोंडाशी एखादी छोटी गाडी रुतून बसली, की या करारनाम्याचा अनुभव येतो.

तालुक्याच्या गावातील एका धान्य-व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. दारात जुनी मारुती ओम्नी. दिवसा तिच्यातून पोती जातात, सणासुदीला तीच गाडी घरच्या मंडळींना घेऊन घाट उतरते. आषाढातील एका सकाळी तिचे मागचे डावे चाक चिखलात गरगर फिरू लागते आणि उजवे चाक कोरड्या फरशीवर असूनही तसूभर हलत नाही. चिरंजीव एंजिनाचा वेग वाढवत राहतात. चिखल उडतो, गाडी जागची ढळत नाही. शेवटी चार हमाल धक्का मारतात. संध्याकाळी चिरंजीव वडिलांना सांगतात, “अण्णा, मिस्त्री म्हणतो, डिफरन्शियलमधले स्टार गिअर वेल्डिंग करून टाकू. खर्च फारसा नाही, आणि दोन्ही चाके नेहमी बरोबरच फिरतील.”

अण्णांचे उत्तर त्यांच्या पिढीला शोभणारे असते. “आधी हिशेब मांड. मग ठरवू.”

तो हिशेब असा. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर काटावे लागते. दोन चाकांमधील अंतर 1.2 मीटर धरले, तर काटकोनातील एका वळणात बाहेरचे चाक सुमारे 1.88 मीटर जास्त चालते. वळण मोठे असो वा लहान, हा फरक बदलत नाही. पूर्ण प्रदक्षिणेत तो साडेसात मीटरांवर जातो. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर हा फरक कोठे तरी घासूनच भरून काढावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्युअर या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची जी जुळणी केली, ती याच अडचणीवरचा तोडगा होती. आजचा डिफरन्शियल तिचाच वंशज.

या जुळणीची अट मात्र कडक आहे. ती दोन्ही चाकांना वेग वेगवेगळा घेऊ देते, पण जोर समान वाटते. कोरड्या फरशीवरील चाक 100 किलोंचा रेटा पेलू शकते आणि चिखलातील चाक फक्त 10 किलोंचा, असे समजू. एकूण रेटा 110 किलो मिळेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मिळतात जवळजवळ 20 किलोच. कारण दुबळ्या चाकाने 10 स्वीकारले, की सबळ चाकाच्या वाट्यालाही 10 च येतात. शिवाय एक चाक थांबलेले असताना दुसरे दुप्पट वेगाने फिरते. वेगमापक 40 दाखवत असेल, तेव्हा चिखलातील चाक 80 च्या वेगाने फिरत असते. अशा वेळी एंजिनाचा वेग वाढवत राहणे म्हणजे बुडीत खात्यात आणखी रक्कम टाकणे होय. आतील स्टार गिअर तापून झिजतात, ते वेगळेच.

या उणिवेवर उपाय शोधणारे पुष्कळ झाले. 1930 च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींची मागची चाके जोर आवरेनाशी होऊन फिरत, तेव्हा फर्डिनांड पोर्शे यांच्या प्रयत्नांतून जर्मनीतील झेडएफ कंपनीने घसरण मर्यादित ठेवणारा डिफरन्शियल तयार केला. त्याच जातीची योजना दुसऱ्या महायुद्धातील फोक्सवागनच्या कुबेलवागन गाडीत होती. तिच्या दोनच चाकांना जोर मिळत असे, तरीही ती वाळूत आणि चिखलात चालली.

कारखान्यातील हा महागडा भाग परवडत नाही, म्हणून घरगुती क्लृप्त्या निघाल्या. पहिली म्हणजे मिस्त्रीने सुचवलेले वेल्डिंग. अमेरिकेत वेल्डिंग यंत्रे बनवणाऱ्या लिंकन कंपनीच्या नावावरून त्याला गमतीने ‘लिंकन लॉकर’ म्हणतात. दुसरी म्हणजे गिअरच्या पाठीमागे जाड वॉशर घालून ते आवळणे. यामुळे थोडी पकड वाढते. पण सततच्या घर्षणाने वॉशर झिजतात, त्यांचा कीस तेलात उतरतो आणि काही काळाने केलेला खर्च आणि बिघडलेले बेअरिंग एवढेच हाती राहते. तिसरी इंग्लंडमधील चिखलाचे चढ चढण्याच्या स्पर्धांतली. तेथे डाव्या व उजव्या मागच्या चाकासाठी वेगवेगळा ब्रेक बसवत. फिरणारे चाक तेवढे दाबले, की जोर दुसऱ्याकडे वळतो. आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. ट्रॅक्टरचे दोन ब्रेक-पेडल याच तत्त्वावर चालतात, आणि रस्त्यावर येताना ती दोन्ही एकमेकांस जोडून घ्यावी लागतात. आजच्या मोटारींतील ट्रॅक्शन कंट्रोलही फिरणाऱ्या एका चाकालाच ब्रेक लावते. हॅण्डब्रेक थोडा ओढून गाडी काढण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. पण तो दोन्ही चाकांना सारखाच लागत असल्याने लाभ नाममात्रच.

आता वेल्डिंगच्या नावे पडणारी बाजू पाहावी. चिखलातून गाडी निघेल, यात शंका नाही. परंतु डांबरी रस्त्यावरील प्रत्येक काटकोनात ते 1.88 मीटर एखाद्या टायरला घासून फेडावे लागतील. एक चाक अधांतरी असताना सगळा जोर एकाच एक्सलवर येईल, आणि तो एक्सल अर्ध्या जोरासाठी बनलेला आहे. कठीण पोलादावरील कच्चे वेल्डिंग तुटले, तर तुकडे हाऊसिंगमध्ये अडकून चाके जागच्या जागी जखडू शकतात. सर्वांत मोठा धोका ओल्या घाटातील आहे. वळणावर आतले चाक मोकळे फिरू पाहते आणि बांधलेले असल्याने घसरते. त्याच्याबरोबर गाडीचा मागचा भागही बाहेर जाऊ शकतो. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा उपस्थित करू शकते.

चिरंजीव म्हणतात, “पण अण्णा, वर्षातून चारदा तरी गाडी रुतते.” अण्णा विचारतात, “आणि तुझी आई वर्षातून किती वेळा घाटातून जाते?” या प्रश्नानंतर हिशेबात मांडण्यासारखे फारसे उरत नाही.

उरतात ते साधे उपाय. वखारीच्या तोंडाशी दोन खेपा मुरूम आणि खडी पसरून रोलर फिरवावा. मागच्या टायरांची नक्षी गेली असेल, तर ते पावसाळ्यापूर्वीच बदलावेत. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत थोडा माल मागे असला, की पकड वाढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र मागे जास्त ओझे लादले, तर पुढची चाके हलकी होऊन घसरतात. गाडीत दोन रिकामी बारदाने, एक फळी आणि फावडे असावे. चाक रुतले, की एंजिन गरगरवण्याऐवजी खाली उतरावे, चाकापुढचा चिखल काढून बारदान सारावे आणि हळुवार क्लच सोडावा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही एक परीक्षा लक्षात ठेवावी. एंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हॅण्डब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना अडण्या आणि मागची दोन्ही चाके भक्कम घोड्यांवर उचललेली असताना एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल मोकळा आहे. दोन्ही एकाच दिशेने फिरली, तर कोणीतरी आत काही उद्योग केला आहे, असे समजून मिस्त्रीकडून हाऊसिंग उघडून घ्यावे आणि मगच किमतीचे बोलावे.

त्या घरात पुढच्या आठवड्यात मुरुमाची ट्रॉली येते. मिस्त्रीला वेल्डिंगऐवजी दोन टायर बसवण्याचे काम मिळते, आणि श्रावणात ओम्नी नेहमीसारखी घाट उतरते. वळणावर एक चाक थोडे पुढे, एक थोडे मागे.