श्रावणात रंधा पेटीतच राहू द्या

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी येत होते. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरले. सहा महिन्यांत माणसांनी कोरड आणि ओल, दोन्हींची टोके पाहिली. घरोघरच्या दारांनीही पाहिली. त्या सप्टेंबरात माझ्या लातूरच्या घराचे पुढचे दोन पल्ल्यांचे दार अडू लागले. मिस्त्री आले, मधल्या कडेवरून चार हात रंधा मारला, दार अलगद मिटले. मीही समाधानाने मजुरी दिली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच कडेतून उन्हाची रेघ बैठकीत येऊन पडू लागली. धूळ आली, झळा आल्या, एका रात्री विंचू आला. रंधलेले लाकूड परत जोडता येत नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी मिस्त्रींचा हात धरला नाही, याची खंत आजही आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मृग लागायला थोडेच दिवस उरलेले असतील. बाहेरच्या दारांची कामे करायला हाच काळ उत्तम. म्हणून लातूर आणि नांदेडकडच्या सुतारांशी, मिस्त्रींशी आणि छोट्या ठेकेदारांशी या एकाच विषयावर बोलायचे आहे.

आपल्या भागात वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो, हवा चुलीसारखी कोरडी असते आणि श्रावणात तीच हवा ओलीचिंब होते. लाकूड या दोन्हींच्या मागे मागे चालते. सागवानातला ओलावा ५ टक्क्यांनी वाढला, तर सरळ फळ्या जोडून केलेले चार फुटी दार रुंदीत साधारण १ सेंटिमीटरने फुगते. पॅनेलच्या दारात पॅनेल आपल्या खाचेत सरकून फुगवटा जिरवते; फक्त उभ्या पट्ट्यांची रुंदी वाढते, तीही सगळी मिळून २ ते ४ मिलिमीटर. एक पल्ल्याच्या दाराला ही वाढ एकट्याचीच सोसावी लागते. दोन पल्ल्यांच्या दारात दोघांची वाढ मधल्या फटीत समोरासमोर येते, म्हणून आधी तीच अडते आणि रंधाही आधी तिच्यावरच चालतो. भारतीय मानकांपैकी आयएस २८७ मध्ये हवेच्या आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग पाडून, दारे-खिडक्यांच्या लाकडात ८ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान किती ओलावा चालेल हे विभागवार सांगितले आहे. वखारीतून लाकूड उचलताना आपल्यापैकी किती जण मॉइश्चर मीटर लावून पाहतात?

यात आणखी एक भर आहे, ती जमिनीची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत हलते आणि भिंतीबरोबर चौकटही. मग गिऱ्हाईक सांगते, ‘दार फुगलंय’, आणि प्रत्यक्षात चौकट गुण्याबाहेर गेलेली असते. दोन्ही कर्ण मोजायला एक मिनिट लागते. कर्णांत फरक असेल तर पल्ल्याचा काही दोष नाही. त्याला रंधून आपण निरपराध्याला शिक्षा करतो. बिजागरीची गोष्टही अशीच. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की पल्ला मधल्या बाजूला झुकतो आणि खाली घासतो. जुन्या भोकात सागवानाची खुंटी गोंद लावून ठोका, ती वाळू द्या, मग लांब स्क्रू पिळा. निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

दार उतरवलेच आहे तर त्याच्या वरच्या आणि खालच्या कडा बघा. चौकटीत बसवलेल्या दाराखाली छोटा आरसा सरकवूनही दिसते: दर्शनी बाजूला तीन हात पॉलिश आणि खालची कड अगदी कोरी. उभ्या पट्ट्यांची टोके तिथेच उघडी असतात आणि पाणी लाकडात सर्वांत वेगाने शिरते ते या टोकांतून. जवसाचे उकळलेले तेल दोन-तीन वेळा तिथे जिरवा, वाळू द्या, मग रंग द्या. जवस हे आपल्या मराठवाड्याचेच पीक आहे. खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली लांबी जुन्या मिस्त्रींच्या डब्यात असायची आणि ती लाकडाबरोबर थोडी हलायची. आजची कडक पुट्टी बाहेरच्या दारावर एक उन्हाळासुद्धा काढत नाही. मात्र एक काळजी घ्याच. जवसाच्या तेलाचे बोळे ढिगात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. सुटे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चौकटीचे पाय कुजलेले असतील तर अख्खी चौकट उखडण्याची घाई नको. चांगले लाकूड लागेपर्यंत कापा आणि जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या जोडाने बसवा. उतार बाहेरच्या बाजूला असला पाहिजे, नाहीतर जोडच पाणी धरून ठेवेल. पायाखाली सिमेंट थेट लाकडाला भिडू देऊ नका. वाळवीचा उपायही त्याच वेळी करून घ्या, चौकट बंद झाल्यावर तिथे हात पोचत नाही.

जुन्या सागवानाची किंमत किल्लारी परिसराने आपल्याला दाखवून दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे माणसांवर कोसळले. त्या ढिगाऱ्यातून लोकांनी दारे आणि चौकटी ओढून काढल्या आणि नव्या वसाहतींतल्या घरांना बसवल्या. ज्या घराने सगळे नेले, त्यातून हाती आलेले ते दार होते. अशा दाराच्या दुरुस्तीला बोलावणे आले, तर ‘हे टाका, नवीन फ्लश डोअर लावा’ असे सांगणाऱ्याला मी चांगला कारागीर मानणार नाही.

आता पाणी आणि धूळ अडवण्याचे. क्रम वरून खाली धरा. दारावर छज्जा नसेल किंवा तो हातभरही पुढे आलेला नसेल, तर आधी मालकाशी छज्ज्याचे बोला. पश्चिमेला तोंड असलेल्या दाराला तो नसेल तर कोणतीही रबरपट्टी हरते. मग चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, ती सिलिकॉनने. मग उंबरा. हल्ली आत-बाहेर एकसारखी फरशी हवी म्हणून उंबरा काढून टाकतात आणि वळवाचा पहिला शिडकावा सरळ बैठकीत येतो. बाहेर उतार असलेला, अर्धा इंच उंचीचा का होईना, ग्रॅनाइटचा उंबरा बसवायला मालकाला राजी करा. ज्या घरात उंबऱ्याला हळद-कुंकू वाहतात, तिथे फार समजावावे लागत नाही.

पॅनेलच्या दाराच्या मधल्या फटीत वैशाखात ५-६ मिलिमीटर जागा मोकळी सोडा आणि ती लाकडाने भरू नका. दबणारी रबरपट्टी किंवा ब्रशपट्टी खाचेत बसवा आणि बाहेरून एका पल्ल्यावर उभी झाकपट्टी ठोका. ती दुसऱ्या पल्ल्यावर नुसती टेकली पाहिजे. ज्या पल्ल्याला वर-खाली खिट्टी असते, त्याची जमिनीतली खिट्टी जिथे बसते ते भोक मातीने भरते, पाणी साचते आणि खिट्टी अर्धीच उतरते. पल्ला मग वाऱ्याने हलतो आणि पट्टी कितीही चांगली असली तरी दबत नाही. त्या भोकात पितळी वाटी बसवा आणि ते साफ ठेवायला घरच्यांना सांगा. सर्वांत जास्त गळती होते ती मधली फट उंबऱ्याला मिळते त्या जागी. मधल्या फटीतली उभी पट्टी आणि दाराखालची आडवी पट्टी तिथे एकमेकींना भिडल्या पाहिजेत. बोटभर अंतर राहिले, तर बाकीचे सगळे काम वाया.

तपासणी सोपी आहे. कागदाचा कपटा मध्ये धरून दार लावा. सहज ओढला गेला तर तिथे पट्टी दबत नाही. रात्री बाहेर बॅटरी लावून आत अंधारात उभे राहा. शेवटी पाइपने पाणी मारा, खालून सुरुवात करून हळूहळू वर, म्हणजे गळती नेमकी कुठली ते कळते.

श्रावणात फोन येणारच. दार अडलेय, पाहुणे यायचेत, आजच या. तेव्हा काय करायचे, हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. रंधा न मारता परत आलो तर मजुरी कोण देणार, ही तुमची अडचण खरी आहे. माझे म्हणणे असे की, श्रावणातल्या भेटीचे पैसे उघडपणे मागायला आपण शिकले पाहिजे. कार्बन पेपर सरकवून दार नेमके कुठे घासते ते शोधा, तिथे मेणबत्ती घासा, बिजागऱ्या कसा. मग चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि फटीचे माप लिहा. वैशाखात त्याच जागी दुसरे माप लिहा. दोन मापांमधला फरक हातात आला की त्या दाराला किती जागा लागते ते कळते. तुमच्यानंतर येणाऱ्या मिस्त्रीलाही ते चौकटीवरच वाचता येईल.