रकाना नसलेली तक्रार

२०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्र शासनाने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे अभियान राबविले. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारचे 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान देशभर झाले. दोन्ही वेळी शिबिरे भरली आणि रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय व कर्करोग यांच्या तपासणीवर भर दिला गेला. स्त्रीच्या आरोग्याचा विचार केवळ बाळंतपणापुरता करावयाचा नसतो, एवढे तरी आरोग्यखात्याच्या ध्यानात आले, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु शिबिरातील तक्त्यात ज्या दुखण्याला रकाना नसतो, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न अशा मोहिमांनंतरही शिल्लक राहतो. योनिमार्गाची व त्याच्या मुखाशी असलेल्या नाजूक त्वचेची महिनोन्‌महिने चालणारी आग, हुळहुळेपणा आणि खाज हे असे एक दुखणे आहे. ते प्राणघातक नसल्यामुळे मृत्यूच्या आकडेवारीत येत नाही. ते साथीने पसरत नसल्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

दैनिकाच्या या पानावर असा विषय काढणे काही वाचकांना औचित्यभंग वाटेल. सकाळच्या चहाबरोबर साखरेचे भाव वाचावेत, हे वाचावयाचे नाही, असा आपल्याकडील संकेत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि वाचकांच्या खासगी शंकांना छापील उत्तरे दिली. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी तो खटला कर्वे हरले. खटल्यांचे दिवस गेले असतील, परंतु संकोच मात्र गेलेला नाही आणि तो आपल्या भाषेतच मुरलेला आहे. 'खाज' हा शब्द पाहा. मराठीत तो त्वचेच्या विकाराइतकाच वासनेचा आणि उपद्व्यापाचा वाचक आहे. किंबहुना शिवी म्हणूनच तो अधिक ऐकू येतो. ज्या तक्रारीचा उच्चार करताच बोलणारीच्या चारित्र्याकडे बोट जाते, ती तक्रार कोणती स्त्री सरळ शब्दांत मांडील? म्हणून ती 'उष्णता वाढली' म्हणते, 'अंगावरून जाते' म्हणते, किंवा कंबरदुखी सांगते. तपासणाऱ्याने कंबरदुखीची गोळी दिली, तर त्याचा दोष तरी किती मानावा?

ही मूकता केवढी मोठी आहे, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे हे प्रमाण सरासरी ३.६ रोग असे पडले. यांतील निम्मा भाग जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. आणि पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. या अभ्यासाने जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांचे डोळे उघडले, असे म्हटले जाते. पण त्यातील एक बाब पुरेशी चर्चिली गेली नाही. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या आणि आजार मात्र ९२ टक्क्यांत सापडला. अर्थात तक्रार आणि आजार यांची जोडी दर वेळी जुळतेच असे नाही. आजार असून तक्रार नाही, असे होते. आणि उलट, तक्रार असून नेहमीच्या तपासणीत काहीच सापडत नाही, असेही होते. ही दुसरी स्थिती अधिक एकाकी आहे, कारण तेथे रुग्णाच्या शब्दाखेरीज कोणताच पुरावा नसतो.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच ठिकाणी दिसतात. कर्जत हे मुंबईच्या लोकलचे टोक. तेथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत १०० किलोमीटरांचा, सुमारे दोन तासांचा प्रवास करून कितीतरी शिक्षिका, लिपिक आणि परिचारिका रोज जातात-येतात. याच तालुक्यांत डोंगराच्या कुशीत ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. पावसाळ्यात येथे धो धो कोसळते आणि एप्रिल-मेमध्ये हंड्यासाठी पायपीट करावी लागते. दिवाळीनंतर कितीएक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरील स्त्रीला आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवावा असे घरही नाही. लोकलमधील स्त्रीपाशी पाणी आहे, पगार आहे, मोबाईल आहे. परंतु दोन तास बाकावर बसताना होणारी आग ती शेजारणीलाही सांगत नाही. दोघींमध्ये वर्गाचे अंतर मोठे आहे, आणि या बाबतीत दोघी सारख्याच मुक्या आहेत.

येथे एका सरकारी भ्रमाचा उल्लेख केला पाहिजे. आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर 'स्वच्छता पाळा' असा उपदेश असतो, आणि त्याचा गर्भितार्थ असा की, हा त्रास होतो तो अस्वच्छतेमुळे. पाण्याची व आडोशाची टंचाई ही गंभीर गोष्ट आहेच. ती दूर झालीच पाहिजे. परंतु वैद्यकशास्त्र असे सांगते की, निरोगी योनिमार्ग स्वतःची निगा स्वतःच राखतो. तेथे राहणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे हितकर जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लतेत अपायकारक जंतूंना थारा मिळत नाही. साबण, सुगंधी द्रव्ये किंवा जंतुनाशक पाणी यांनी आतून धुतल्यास हे रक्षकच मारले जातात आणि बाहेरील त्वचा सोलवटून निघते. म्हणजे घरात न्हाणीघर असलेली सुशिक्षित स्त्री उपदेश शिरसावंद्य मानून दिवसातून तीनदा धुते, तेव्हा ती आपले दुखणे वाढवीत असण्याचाच संभव अधिक. साधे पाणी, सुती वस्त्र आणि साबणाला फाटा, एवढे तरी त्या भिंतीवर लिहिता आले असते.

कारणे कोणती असतात? बुरशीचा संसर्ग सर्वांत परिचित. त्यात दह्याच्या साईसारखा स्राव व तीव्र खाज असते. जिवाणूंचा समतोल ढळला म्हणजे दुर्गंधी येते. ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असेल, तर पतीलाही औषध द्यावे लागते, नाहीतर औषध वाया जाते. परंतु कारणांची यादी येथे संपत नाही, आणि खरी हयगय याच्या पुढे होते. वारंवार होणारी बुरशी ही कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे एकस्वाची मुदत संपल्यावर भारतात स्वस्त झाली आणि ती योग्य कारणांसाठी मोठ्या प्रमाणावर लिहून दिली जातात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणे हे त्यांचे कार्यच असल्याने त्या भागातील बुरशी हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. औषध आपल्या मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना सांगावे, एवढे तरी ती लिहून देताना बजावले जाते काय? पाळी थांबल्यावर स्त्री-संप्रेरक घटते, त्वचा पातळ व कोरडी होते, आणि साठीच्या स्त्रीची आग 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून दिली जाते. वस्तुतः त्यावर साधे, स्थानिक लावावयाचे औषध उपलब्ध आहे.

लायकेन स्क्लेरोसस या विकाराविषयी तर थोडे थांबूनच सांगितले पाहिजे. यात त्वचा पांढुरकी, पातळ आणि चिरफळणारी होते, रात्री असह्य खाज सुटते, आणि उपचार न झाल्यास काही थोड्या स्त्रियांत पुढे कर्करोगही उद्भवतो. पांढरा डाग म्हटला की आपल्याकडे कोडाची धास्ती. त्यामुळे तो दाखविण्याऐवजी लपविण्याकडेच कल असतो. यावर गुणकारी ठरते ते क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड मलम. आता दैवदुर्विलास असा की, हेच स्टिरॉइड बुरशीनाशक व प्रतिजैविक यांच्याबरोबर मिसळून केलेली मलमे औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळत आली आहेत आणि बुरशीवर ती लावली असता चार दिवस आराम पडून रोग आतून फोफावतो. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला, परंतु तालुक्याच्या बाजारपेठेत नियमाची अंमलबजावणी किती होते, हे वाचकांना ठाऊक आहे. एकच मलम एका स्त्रीला तारक आणि दुसरीला मारक. फरक ठरतो तो केवळ पाहून, तपासून. आणि नेमके तेच होत नाही.

सरकारी व्यवस्थेने यावर काढलेला तोडगा लक्षणाधारित उपचारांचा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या योजनेत स्रावाची तक्रार असलेल्या स्त्रीला हिरव्या रंगाचा संच मिळतो. त्यात सेक्निडाझोल व फ्लुकोनाझोल ही दोन औषधे असतात. प्रयोगशाळा नसलेल्या देशासाठी ही युक्ती वाईट नव्हती. पण ती तातडीची सोय होती. तिची कायमची पद्धत झाली. संचाने बरे वाटले नाही, तर पुन्हा संच. तिसऱ्या खेपेला स्त्रीच येईनाशी होते आणि दप्तरात ती बरी झाल्यासारखी दिसते.

एवढे सारे तपासून झाल्यावरही काही स्त्रिया उरतात, ज्यांच्यात जंतू नाही, डाग नाही, साखर नाही. आणि आग मात्र आहे. हा काही नवा शोध नव्हे. अमेरिकी वैद्यांनी १८८० च्या दशकात याचे वर्णन केले होते. नंतर ते पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ लुप्त झाले आणि शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकात, पुन्हा विचारात आले. आज त्याला व्हल्व्होडायनिया म्हणतात. स्पष्ट कारण न सापडता तीन महिने वा अधिक काळ टिकणारी वेदना, अशी त्याची व्याख्या २०१५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनी एकमताने स्वीकारली. तेथील मज्जातंतू अतिसंवेदनशील झालेले असतात, कधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात. कापसाच्या बोळ्याचा हलका स्पर्श करून वेदनेची जागा शोधता येते. बधिर करणारे मलम, स्नायू सैल करण्याचे व्यायाम, मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधे यांनी अनेकींना उतार पडतो, सर्वांना नव्हे. २००३ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील पाहणीत सुमारे १६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात केव्हातरी अशी दीर्घ वेदना भोगल्याचे सांगितले. त्यांच्यातील जवळजवळ ४० टक्के जणी डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या, आणि गेलेल्यांपैकी ६० टक्क्यांना तीन वा अधिक डॉक्टर पालथे घालावे लागले. वैद्यकविद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या नगरीची ही कथा, मग खालापूरची काय सांगावी? तेव्हा 'तपासणीत काही नाही' आणि 'तुम्हाला काही नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत, हे डॉक्टरांनी आधी मान्य करावयास हवे. 'मनाचे खेळ' हे निदान नव्हे. ते निदानाच्या अभावाचे नाव आहे.

निदान न होण्याची किंमत कोण देते? पती संशय घेतो, सासरी कुजबुज होते, शरीरसंबंध टाळणारी स्त्री मानी ठरते. आणि याहून भयंकर किंमत बीडमध्ये दिसली. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. बाहेरच्या त्वचेची खाज गर्भाशय काढून थांबत नाही. अंडाशयही काढले, तर कोरडेपणाने ती वाढतेच. रायगडचे बीड झालेले नाही, हे आपले सुदैव. पण बाहेरगावच्या भट्टीवर आठ महिने राबणारी स्त्री कोणत्या दवाखान्याच्या दारात उभी राहते, याची नोंद कोणाकडे आहे?

उपाय महागडा असता, तर निधीचा प्रश्न पुढे करता आला असता. तसे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाच्या रक्तासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र असते आणि ते पाहणारा तंत्रज्ञही असतो. त्याच यंत्राखाली काचपट्टीवर स्रावाचा नमुना, मिठाच्या पाण्याचा एक थेंब आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब ठेवला की बुरशी, परजीवी आणि जिवाणूंनी लगडलेल्या पेशी ओळखू येतात. आम्लता मोजणारी कागदाची पट्टी तर शाळेच्या प्रयोगशाळेतही असते. कशेळे व चौक येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. तेथे आठवड्यातून एक दिवस स्त्री डॉक्टर पडद्याआड बसली, आणि संच घेऊनही तिसऱ्यांदा आलेल्या स्त्रीला पुन्हा संच न देता वर पाठवावयाचे असा नियम झाला, तरी पुष्कळ साधेल. विचारण्याचे काम आशा सेविका करू शकतात. अल्पशिक्षित स्थानिक स्त्रिया आरोग्यसेवेचा भार पेलू शकतात, हे डॉ. नोशीर अंटिया यांच्या मांडव्याच्या प्रयोगाने १९७० च्या दशकात याच जिल्ह्यात दाखविले होते. मात्र आशांना प्रश्नावली देताना त्यांच्या मानधनाचाही विचार व्हावा. एकेक काम फुकटात चिकटवीत जाण्याची खात्याची सवय जुनी आहे.

वर पाठवावयाचे ते कोठे, हा खरा पेच आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला. कर्जतहून तेथे जाण्यासाठी खोपोली, पेण ओलांडून एस.टी.ने दिवस मोडावा लागतो आणि भट्टीवरील स्त्रीची त्या दिवसाची मजुरी बुडते. उलट, कर्जतची लोकल जेथे थांबते त्या स्थानकापासून कामा रुग्णालय पायी काही मिनिटांवर आहे. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली ते उघडले, ते स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत याच हेतूने; इंग्लंडहून आलेल्या एडिथ पेची यांनी त्याची धुरा वाहिली. कर्जत-खालापूरच्या आरोग्य केंद्रांना अलिबागबरोबरच कामाची चिठ्ठी देण्याची अधिकृत मुभा मिळावी आणि त्या चिठ्ठीवर आधीच्या तपासण्या व दिलेली औषधे लिहिलेली असावीत. त्यासाठी दोन खात्यांतील पत्रव्यवहार लागेल, आणि छापील तक्त्यात एक रकाना.