टेस्ट जिग कुडाळात बनायला हवी

पालघरमध्ये ३० ऑगस्ट २०२४ रोजी मासेमारी नौकांसाठीच्या संपर्कयंत्रणेचा पंतप्रधानांच्या हस्ते आरंभ झाला. किनाऱ्यावरच्या राज्यांतील नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. मोबाइलची रेंज संपली तरी इस्रोने विकसित केलेलं हे उपकरण उपग्रहामार्फत संदेश नेतं आणि आणतं. ओखी, क्यार, तौक्ते ही वादळं अंगावर घेतलेल्या मालवण-देवगडच्या खलाशांसाठी ते जिवाशी जोडलेलं आहे.

पण त्या डब्यातल्या सर्किट बोर्डावरचा एखादा सोल्डर कच्चा राहिला, तर?

तो कारखान्यातच पकडण्याचं साधं आणि भरवशाचं साधन म्हणजे स्प्रिंग पिनांची टेस्ट जिग. ग्लास इपॉक्सीच्या जाड पत्र्यात बोर्डावरच्या चाचणी बिंदूंच्या बरोबर खाली भोकं पाडायची, त्यांत सॉकेट ठोकून सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना बसवायच्या. क्लॅम्प दाबला की सगळ्या पिना एकदम टेकतात आणि शॉर्ट, तुटलेली जोडणी, चुकीचा व्होल्टेज काही सेकंदांत कळतो. खरं कसब त्यापुढे लागतं. एका पिनेचा दाब दीडशे ग्रॅम धरला, तर शंभर पिना बोर्डाला पंधरा किलोने वर रेटतात. आधार योग्य जागी नसले, तर बोर्ड वाकतो आणि सिरॅमिक कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते; म्हणजे तपासणीच बिघाड करून ठेवते. फ्लक्सचा थर असेल तिथे टोकदार पिन, वर आलेल्या पायांवर वाटीसारख्या तोंडाची. खाऱ्या हवेसाठी बोर्डावर संरक्षक लेप चढवतात. त्यातून वीज जात नाही. म्हणून चाचणी लेपाआधी घ्यावी लागते किंवा बिंदू झाकून ठेवावे लागतात.

या कामाला चिप कारखान्यासारखे हजारो कोटी लागत नाहीत. अचूक ड्रिलिंग मशिन, ड्रॉइंग वाचणारा माणूस आणि सफाईदार हात एवढ्यावर ते उभं राहतं. कुडाळला एमआयडीसी आहे, मालवणच्या कुंभारमाठला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि शेजारच्या गोव्यात वेर्ण्याला इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी होते. तरीही जिल्ह्याच्या विकासाची चर्चा पर्यटनापाशीच येऊन थांबते, आणि डिप्लोमा झालेली मुलं पुण्या-मुंबईची गाडी धरतात.

फ्लाइंग प्रोब यंत्र आल्यावर जिग कशाला, असं कोणी विचारेल. थोड्या बोर्डांसाठी ते उत्तम; पण त्याच्या मोजक्या सुया एकेक बिंदू गाठत फिरतात, हजारोंच्या उत्पादनात तो वेळ परवडत नाही. शिवाय बोर्डाच्या नव्या आवृत्तीत एखादा बिंदू मिलिमीटरभर सरकला तरी जिग बदलावी लागते, पिना झिजतात त्याही पालटाव्या लागतात. त्यामुळे जिग बनवणारा जवळ असणं कारखान्याच्याच फायद्याचं.

सुरुवात सरकारी खरेदीपासून करता येईल. दुरुस्तीसाठी लागणारी चाचणी बिंदूंची माहिती उत्पादकाने किनारी जिल्ह्यांतल्या तंत्रनिकेतनांना द्यावी, अशी अट ट्रान्सपॉन्डरच्या करारातच घालावी. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. बिघाड बोर्डात आहे की अँटेनाच्या केबलमध्ये, याचा निकाल त्या दोन महिन्यांत मालवणातच लावता येईल, आणि त्यासाठीची पहिली जिग विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून बनवता येईल.