मेसमध्ये हरलेला वाद

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी दुरुस्त कराव्यात, उरलेल्या वाचकांनी पोटात घालाव्यात. मराठीत लिहितोय कारण वाद मराठीत झाला आणि मी तो हरलो.

झालं असं, टीव्ही रूममध्ये 'द गाझी अटॅक' लागला होता. नंतर जेवताना विषय निघाला, शत्रूची पाणबुडी बुडाली आणि तिची माणसं वर आली तर वाचवायची का? "मरू देत की! त्यांनी आपली खुकरी बुडवली ना?" अख्ख्या टेबलाचं एकमत. मी एकटा विरोधात. (१९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या खऱ्या गाझीतून कुणीच वाचलं नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच आला नाही.)

टेबलाची बाजू अगदीच कच्ची नाही, हे कबूल. २२ सप्टेंबर १९१४ ला जर्मन पाणबुडीने ब्रिटिश क्रूझर अबुकीर बुडवली. तिची माणसं उचलायला हॉग आणि क्रेसी थांबल्या, तर त्याच पाणबुडीने त्याही बुडवल्या. साडेचौदाशेच्या आसपास माणसं गेली, तीही स्वतःच्याच माणसांना वाचवताना! ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ हंगोरने खुकरी बुडवली, तेव्हा सोबतच्या किरपाणवरही टॉर्पेडो सुटले होते. खुकरीवरचे १९४ जण गेले, कॅप्टन मुल्लांसह. वाचलेल्या ६७ जणांना दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छलने उचललं. रात्रभर समुद्रात! आम्ही जैतापूरच्या खाडीत अर्धा तास पोहलो तरी दमतो.

पण मग लॅकोनियाचं काय? सप्टेंबर १९४२ मध्ये हार्टेनस्टाइन नावाच्या जर्मन कॅप्टनने हे ब्रिटिश जहाज बुडवलं आणि पाण्यातल्या हाका ऐकून स्वतःच वाचवायला लागला. त्याच्या पाणबुडीत पन्नासेक माणसांचीच सोय. तरी दोनशेच्या आसपास लोक वर घेतले, तेवढेच होड्यांत बसवून दोरीने ओढले. वायरलेसवर उघड इंग्रजीत सांगितलं, मदतीला या, मी हल्ला करणार नाही. चौथ्या दिवशी अमेरिकन विमान आलं आणि रेडक्रॉसचा झेंडा पसरलेला असताना बॉम्ब टाकून गेलं. मग ॲडमिरल ड्योनित्सने हुकूम काढला, यापुढे कुणाला वाचवायचं नाही. टेबल म्हणेल, बघ! मी म्हणतो, चार दिवस ते जमलं होतं. बिघडवलं वरच्या विमानाने.

१९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १८ सांगतं की चकमकीनंतर विलंब न लावता, शक्य ते सगळं करून बुडणाऱ्यांना शोधा, उचला. कुणाचे बुडणारे, ते विचारत नाही. आणि 'शक्य ते' म्हटलंय, टॉर्पेडोसमोर उभे राहा असं नाही. थांबता येत नसेल तर राफ्ट टाका, जागा कळवा. आपल्या भाषेत बोलायचं तर कन्स्ट्रेंट असणं वेगळं, आणि मुळात डिझाइनमध्येच 'वाचवायचं नाही' लिहून ठेवणं वेगळं.

माझा यात स्वार्थ आहे. आमच्या राजापूरकडचे बरेच जण बोटीवर असतात, माझा काकाही इंजिन रूममध्ये ऑइलर आहे. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याचा, खलाशी पाच देशांचे. कधी कुणाचं शत्रूजहाज ठरेल काय सांगावं? मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स'वर क्षेपणास्त्र पडलं, तेव्हा आपल्या आयएनएस कोलकाताने २१ जणांना वाचवलं. त्यात भारतीय एकच होता. त्या रात्री आजी काकाचा फोन येईपर्यंत जेवली नव्हती.

टेबलाला परत वाद घालायचा असेल तर रविवारी, फीस्टच्या दिवशी. कलम १८ ची झेरॉक्स मी आणतो.