विश्लेषण : पुणेरी पलटणला दोन कोटींचा तारा हवा, की शेवटच्या पाच मिनिटांचा हिशेब?

३१ ऑक्टोबर २०२५ ची रात्र. दिवाळी सरून आठवडा झालेला, ऊसतोड तोंडावर आलेली. पिंपळीत आम्ही सातआठ जण एका मोबाइलभोवती डोकी घालून बसलो होतो. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या बाराव्या पर्वाचा अंतिम सामना सुरू होता. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. शेवटच्या क्षणी फझल अत्राचलीने पकड केली आणि आमच्यातला एक जण न बोलता चप्पल घालून घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून एकच चर्चा ऐकू येते आहे : ‘पुढच्या लिलावात मोठा खेळाडू घ्या.’ हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते आकड्यांनिशी मांडतो.

पलटण खरेच कमी पडते आहे का?

नाही. गेल्या चार पर्वांत पलटणने तीन अंतिम सामने खेळले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत जयपूरकडून ३३-२९ अशी हार. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणावर २८-२५ असा विजय आणि पहिले विजेतेपद. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीकडून ३१-२८ अशी हार.

या तीन निकालांतला फरक बघा : चार गुण, तीन गुण, तीन गुण. बाराव्या पर्वात साखळी फेरीतल्या १८ पैकी १३ सामने जिंकून पलटण गुणतक्त्यात सर्वांत वर होती. त्यानंतर दिल्लीनेच पात्रता सामन्यात टायब्रेकरवर हरवले. मग तेलुगू टायटन्सला ५०-४५ असे नमवून पलटणने अंतिम फेरी गाठली. असा संघ मोडून नवा बांधायचा नसतो. त्याला तीन गुण कुठे मिळतील, एवढेच शोधायचे असते.

लिलावाचे गणित काय सांगते?

अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात आणि तिथला चाहता रोज नवे सौदे सुचवत बसतो. आपल्या कबड्डीत संघ बदलण्याचा मुख्य रस्ता लिलावाचा. कोणाला कायम ठेवायचे, कोणाला सोडायचे आणि उरलेल्या पैशांत कोणाला आणायचे, हे तीनच डाव हातात असतात.

बाराव्या पर्वात प्रत्येक संघाकडे ५ कोटी रुपये होते. त्यात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू बसवायचे. लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. गुजरातने त्याला २.२३ कोटींना घेतले. म्हणजे ५ कोटींतला जवळपास ४५ टक्के हिस्सा एका माणसावर गेला. उरले २.७७ कोटी आणि माणसे किमान १७. सरासरी काढली तर डोई सव्वासोळा लाख. लिलावात ‘क’ गटाची मूळ किंमतच १३ लाख होती. एवढ्यात दुसरा, तिसरा चढाईपटू आणि बदली कोपरारक्षक आणायचा कुठून?

निकालही तेच सांगतो. शादलुईचा गुजरात संघ पहिल्या आठांत आला नाही. देवांक दलालला २.२०५ कोटींना घेणारा बंगालही नाही. अर्जुन देशवालसाठी १.४०५ कोटी मोजणारा तमिळ थलैवाजही नाही. हे तिघेही अव्वल दर्जाचे खेळाडू आहेत, याबद्दल वाद नाही. पण कबड्डी सात जणांची असते आणि चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की त्याच्या दोन कोटींचा मॅटवर काही उपयोग नसतो.

मग दिल्ली कशी जिंकली?

हा प्रश्न रास्त आहे. दिल्लीने आशु मलिकला राखण्यासाठी १.९० कोटी मोजले आणि तरीही चषक उचलला. शादलुईच्या बाजूने तर याहून मोठा पुरावा आहे. दहाव्या पर्वात तो २.३५ कोटींना पुण्यात आला आणि पुणे जिंकले. पुढच्या वर्षी पुण्याने त्याला सोडले, हरियाणाने २.०७ कोटींना घेतले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून चषक जिंकला. कुठे? आपल्याच बालेवाडीत. आपण सोडलेला माणूस आपल्याच अंगणात चषक घेऊन नाचला. त्या वर्षी पलटणला बाद फेरीही गाठता आली नव्हती. तो चटका अजून गेलेला नाही.

पण नीट बघितले तर या तिन्ही विजेत्या संघांत महागड्या खेळाडूच्या शेजारी भक्कम माणसे होती. २०२४ च्या पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन आधीच तयार होते. शादलुई हा त्या भिंतीतला शेवटचा दगड होता. गुजरातने आधी दगड घेतला आणि भिंत नंतर शोधली. म्हणून मोठी रक्कम हे वाईट नाही, पण ती कोणत्या जागेसाठी मोजली जाते, हे महत्त्वाचे.

पलटणची रिकामी जागा कोणती?

माझ्या मते डावा कोपरा. उजवीकडे गौरव खत्री कोपऱ्यात आणि अबिनेश मध्यरक्षक, ही जोडी अनेक हंगाम एकत्र खेळली आहे. एकाने पट काढायला सूर मारला की दुसरा न सांगता अंगावर येतो. ही समज पैशांनी विकत मिळत नाही, सरावाने येते. डाव्या कोपऱ्यात मात्र शादलुईनंतर असा धाक बसवणारा, वर्षानुवर्षे टिकणारा माणूस पलटणला अजून लाभलेला नाही, असे मला वाटते. बहुतेक चढाईपटूंचा उजवा हात-पाय चालतो. ते डाव्या कोपऱ्याच्याच बाजूने आत शिरतात. म्हणून कबड्डीत या कोपऱ्याला सर्वांत जास्त काम असते.

चाहत्याची यादी : कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे?

ठेवायचे : अस्लम, आदित्य शिंदे, पंकज, गौरव आणि अबिनेश. हा कणा आहे. बाराव्या पर्वाच्या शेवटच्या टप्प्यात चढाईचा भार आदित्यने वाहिला. टायटन्सविरुद्धही तोच उभा राहिला आणि अंतिम सामन्यातही. शेवटच्या पकडीत तो सापडला म्हणून त्याला बोल लावणारे आमच्या कट्ट्यावरही निघाले. पण शेवटची चढाई कोणाकडे द्यावी, हा प्रश्न पडल्यावर संघाने त्याच्याकडे बघितले, यातच त्याची किंमत कळते.

फेरविचार : सचिन तन्वर. बाराव्या पर्वासाठी पलटणने त्याच्यावर १.०५८ कोटी खर्च केले. तो अनुभवी आहे, एशियाड सुवर्णविजेता आहे. पण अस्लम, आदित्य आणि पंकज असताना चौथ्या चढाईपटूवर पाचांतला एक कोटी अडकवणे परवडत नाही. त्याला सोडावे आणि लिलावात कमी भावात आला तर पुन्हा घ्यावे.

आणायचे : एक खमका डावा कोपरारक्षक. त्यासाठी एक कोटीपर्यंत जावे. त्यापुढे बोली गेली की हात खाली घ्यावा, मग समोर शादलुई असला तरी.

बदली : बोलीत वाचलेल्या पैशांतून एक बदली कोपरारक्षक आणि एक असा खेळाडू, जो चढाई आणि पकड दोन्ही करतो. नववे पर्व आठवा. आघाडीचे चढाईपटू जायबंदी असताना उपांत्य सामन्यात पंकजने तमिळ थलैवाजविरुद्ध संघाला ३९-३७ असे तारून नेले. बाकावरचा माणूस किती कामाला येतो, हे पलटणइतके कोणाला कळावे?

मॅटवर काय बदलावे?

पहिला बदल अस्लमबाबत. अकराव्या पर्वात दुखापतीमुळे तो हंगामाच्या मध्येच बाहेर गेला आणि पलटणची घसरगुंडी झाली. अस्लम पकडीतही हात घालतो, त्यामुळे त्याला मॅटवर ठेवलेच पाहिजे. पण सुरुवातीच्या चढाया आदित्य आणि पंकजने कराव्यात. अस्लमला ‘करा वा मरा’ चढाईसाठी राखावे. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तिथे शांत डोके लागते आणि ते कर्णधाराकडे आहे.

दुसरा बदल शेवटच्या पाच मिनिटांचा. चढाई ३० सेकंदांची असते. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ खेळली तर पाच मिनिटांत दहाच चढाया होतात, प्रत्येकी पाच. तीन गुणांनी मागे असाल आणि दोनच मिनिटे उरली असतील तर तुमच्या वाट्याला दोन चढाया येतात. म्हणजे पिछाडी भरून काढायची तर ती पाचव्या मिनिटापासून भरायला लागायचे. पहिली चढाई बोनससाठी, दुसरी गडी टिपण्यासाठी, पकडीत कोणत्या चढाईला सूर मारायचा आणि कोणत्या चढाईला जाऊ द्यायचे, हे आधी ठरलेले हवे. समोरच्याच्या चढाईवर आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील तर यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात. अशा वेळी बचाव करणे म्हणजेच हल्ला.

प्रशिक्षक अजय ठाकूर स्वतः भारताचा कर्णधार राहिलेला चढाईपटू. त्याला हे शिकवायची गरज नाही. पण चाहत्याला दिसते ते एवढेच की पलटण ३५ मिनिटे देखणे खेळते आणि शेवटच्या पाचांत घाई करते.

यात पिंपळीचा काय संबंध?

आहे आणि तो लिलावापेक्षा मोठा आहे.

२०२४ चा अंतिम सामना हरियाणाला जिंकून देणाऱ्यांत महाराष्ट्राचा शिवम पटारे होता. २०२५ मध्ये पुण्याला हरवणाऱ्या दिल्लीच्या संघात आपला अजिंक्य पवार होता. याचा राग नाही, अभिमानच आहे. पण पलटणने आपल्या मातीतली पोरे लहान वयात हेरली तेव्हा काय झाले, तेही बघा. अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे कोवळ्या वयात पलटणमध्ये आले, तिथेच घडले आणि २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताच्या सुवर्णविजेत्या संघात दोघेही होते. अस्लमच्या नेतृत्वाखालीच पलटण पहिल्यांदा चषक जिंकली. यांच्यासाठी कोणी दोन कोटींची बोली लावली नव्हती.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामती आणि इंदापूरच्या गावांत, संध्याकाळी आजही चुन्याची फक्की टाकून मैदान आखले जाते. पोरे पाणी मारलेल्या मातीवर गुडघे फोडून घेत खेळतात. मी त्यातलाच एक होतो. पट काढायला शिकलो, पण मॅटवर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा वय निघून गेले होते. मातीत पाय रोवून खेळणाऱ्याला मॅटवर बूट घालून वळायला नव्याने शिकावे लागते. ते अठराव्या वर्षी जमते, पंचविसाव्या वर्षी कठीण जाते.

त्यात बाराव्या पर्वाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. पुण्याचा संघ, पण पुण्यात एकही सामना नाही. आमच्या इथून बालेवाडी शंभर किलोमीटरहून लांब. तरी सामना असला की पोरे एसटीने जातात. ज्याने अस्लमची चढाई डोळ्यांनी पाहिली, तो दुसऱ्या दिवशी मैदानावर अर्धा तास आधी येतो. हे मोबाइलवर होत नाही.

म्हणून शेवटचा सौदा मी असा सुचवतो. दोन कोटींच्या ताऱ्याऐवजी एक कोटीचा डावा कोपरारक्षक घ्यावा. उरलेल्या रकमेतून पंचवीस जणांचा संघ भरताना नव्या पोरांना जास्त जागा ठेवाव्यात. आणि पलटणची माणसे वर्षातून एकदा तरी तालुक्याच्या गावी यावीत. पोटऱ्या भरलेला, न घाबरता सूर मारणारा डावखुरा पोरगा एखाद्या गावात असतोच. त्याची किंमत आज नऊ लाखांची मूळ बोलीही नाही. तीन गुण कदाचित त्याच्याकडेच असतील.

त्या रात्री चप्पल घालून निघून गेलेला तो मुलगा सतरा वर्षांचा आहे. डाव्या कोपऱ्यात खेळतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्वांच्या आधी मैदानावर येऊन तो फक्की टाकत होता.